बारमाही गिऱ्हाईक हवे

दिवाळी आठवड्यावर आली की गावोगावच्या मंगल कार्यालयांत, शाळांच्या पटांगणांवर आणि सोसायट्यांच्या फाटकांशी टेबले मांडली जातात. बचत गटाच्या बायकांनी तळलेल्या भाजणीच्या चकल्या, विशेष मुलांच्या कार्यशाळेत रंगवलेल्या पणत्या, अंध कारागिरांच्या मेणबत्त्या, कारागृहातल्या कैद्यांनी विणलेल्या सतरंज्या, आदिवासी पाड्यांवरून आलेला मध. येणारेजाणारे थांबतात, मनापासून कौतुक करतात, पिशव्या भरून घरी नेतात. भाऊबीज झाली की टेबले उचलली जातात, आणि पणत्या रंगवणारी मुले, चकल्या तळणाऱ्या बायका पुढची दिवाळी येईपर्यंत आपल्या नजरेआड होतात.

या खरेदीमागची भावना खोटी नाही. सणाच्या आनंदात दुसऱ्याचा वाटा असावा, असे वाटणे हे आपल्या समाजाचे चांगले लक्षण आहे. पण पणती रंगवणाऱ्या मुलाला फेब्रुवारीतही हाताला काम हवे असते आणि चकली तळणाऱ्या बाईला शाळेची फी जूनमध्ये भरायची असते. सामाजिक कामाच्या पोटी जन्मलेल्या अशा उद्योगांना सणातल्या सहानुभूतीपेक्षा बारमाही गिऱ्हाइकाची गरज कितीतरी अधिक आहे. ते गिऱ्हाईक होणे हे तुमच्या-आमच्या आवाक्यातले सार्वजनिक काम आहे, एवढेच यंदाच्या दिवाळीच्या निमित्ताने सांगायचे आहे.

खरेदी हे सार्वजनिक काम आहे, ही जाणीव महाराष्ट्राला नवी नाही. 1877 साली दिल्लीत दरबार भरला, तेव्हा सार्वजनिक सभेतर्फे गेलेले गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, तिथे हातच्या सुताच्या खादीत उभे राहिले. पुढे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून देशी उद्योगासाठी फंड उभारण्याचा ध्यास घेतला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगाव दाभाडे येथे काचकारखाना सुरू झाला. पैसा देणारा सामान्य माणूस होता आणि तिथे तयार होणाऱ्या काचसामानाचे गिऱ्हाईकही तोच होता. देणारा आणि घेणारा यांच्यात अंतर नव्हते, हे त्या उपक्रमाचे बळ.

खादीचा अनुभव तर याहून पुढचा धडा देतो. 1925 मध्ये अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला आणि खादीची विक्री देशभर पसरली. पण दहा वर्षांनी गांधीजींनी स्वतःच आपल्या चळवळीपुढे एक अवघड प्रश्न ठेवला. खादी स्वस्त ठेवण्याच्या खटपटीत कातणाऱ्या बाईच्या हातात पडते तरी काय? तिला पोट भरेल एवढी मजुरी मिळालीच पाहिजे, त्यापायी खादी महाग झाली आणि खप घटला तरी चालेल, असा आग्रह त्यांनी 1935 मध्ये धरला. कार्यकर्ते धास्तावले, तरीही मजुरी वाढवली गेली. चांगल्या हेतूने विकली जाणारी वस्तूसुद्धा ती घडवणाऱ्या हातांवर अन्याय करू शकते, हे त्या वादातून स्पष्ट झाले. आज कुठल्याही ‘सामाजिक’ वस्तूची पारख करताना पहिली कसोटी हीच लावली पाहिजे.

चांगला हेतू आणि चोख व्यवहार एकत्र नांदू शकतात, याचा आपल्या डोळ्यांसमोरचा पुरावा गिरगावातला आहे. 15 मार्च 1959 रोजी तिथल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी 80 रुपये उसने घेऊन पापड लाटायला बसल्या. पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली. त्यांच्या पाठीशी उभे राहिलेले छगनलाल करमसी पारेख, म्हणजे सगळ्यांचे छगनबाप्पा, यांनी सुरुवातीलाच काही गोष्टी पक्क्या केल्या. दोन प्रतीचे पापड करून त्यातला हलका माल स्वस्तात विकावा, असा विचार चालू होता. बाप्पांनी सांगितले, एकच प्रत ठेवा आणि ती उत्तम ठेवा. हिशेब चोख ठेवा. आणि तोट्यात गेलात तरी देणगी घेऊ नका.

त्या पहिल्याच वर्षी परीक्षा झाली. पावसाळा आला आणि गच्चीवर पापड वाळेनात. काम चार महिने थांबले. पुढच्या पावसाळ्याआधी बायकांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. कुणाच्या मदतीची वाट न पाहता शोधलेला हा उपाय. पहिल्या वर्षी 6,196 रुपयांची विक्री झाली आणि मोडके पापड शेजारीपाजारी वाटले गेले. आज ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेत सुमारे 45 हजार बहिणी सभासद आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन जमनादास पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली.

लिज्जतच्या कामाची रीत जवळून पाहण्यासारखी आहे. पहाटे शाखेत बायकांची रांग लागते. कालचे लाटलेले, वाळवलेले पापड डब्यातून येतात, तपासले जातात, वजन होते, लाटणावळ हातात पडते, आणि आजच्या पिठाचा गोळा घेऊन बाई घरी परतते. उडदाच्या डाळीचे पीठ, मिरी, हिंग, पापडखार यांचे प्रमाण घरोघरी बदलू नये म्हणून पीठ शाखेतच मळले जाते. घरी पापड वाळवायला स्वच्छ जागा आहे की नाही, हेही पाहिले जाते. लहान मूल सांभाळत, सासूच्या औषधाची वेळ पाळत, बाहेर नोकरीला न जाता ती स्वतःच्या नावावर कमाई करते. नफा झाला तर त्यात तिचा वाटा असतो, कारण ती तिथे मजूर नाही, सभासद आहे.

यातली मोलाची गोष्ट ही, की लिज्जतचा पापड घेणारे बहुतेक लोक तो दयेपोटी घेत नाहीत. पापड चांगला आहे म्हणून घेतात, आणि संपला की पुन्हा घेतात. वर्षभर, पिढ्यान्‌पिढ्या घेतात. त्या पुन्हा घेण्यावर 45 हजार घरांतली कमाई उभी आहे. पाकिटामागची कहाणी ठाऊक नसलेला माणूससुद्धा त्या कहाणीत भर घालत असतो.

गिऱ्हाईक तुटले की काय होते, तेही मुंबईनेच पाहिले आहे. लालबाग-परळच्या गिरणगावात कोकणातून, देशावरून आलेले एकटे कामगार जेवायला खानावळवाल्या बायकांकडे असत. महिन्याच्या पगाराला पैसे मिळत, तोवर वाण्याकडून उधारीवर किराणा आणायचा, निभले नाही तर सावकाराकडे डाग गहाण टाकायचा. पहाटेपासून चुलीपुढे राबणाऱ्या या बायकांच्या कष्टाचा मोठा वाटा व्याजात जाई. गोवा मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र केले. एकमेकींच्या जामिनावर बँकेचे कर्ज मिळाले आणि सावकाराचा पाश सुटू लागला. ज्या बाईला बँकेच्या पायरीशी उभे राहायला संकोच वाटे, ती हप्ते फेडणारी खातेदार झाली.

मग 1982 चा गिरणी संप आला. कामगार गावी परतले, पुढे गिरण्याच मिटत गेल्या, आणि खानावळींचे गिऱ्हाईक गेले. कर्ज होते, कसब होते, संघटना होती, पण पंगतीला बसणारा माणूसच उरला नव्हता. मंडळाला मग कचेऱ्यांना, समारंभांना जेवण पुरवण्याकडे वळावे लागले. भांडवल आणि प्रशिक्षण या दोन गोष्टींची चर्चा आपल्याकडे भरपूर होते. तिसरी गोष्ट म्हणजे रोजचे, खात्रीचे गिऱ्हाईक, आणि ती कुठल्याही सरकारी योजनेतून वाटता येत नाही.

वरोऱ्याजवळच्या आनंदवनाने गिऱ्हाइकाचे मोल वेगळ्याच अंगाने दाखवले. बाबा आमटे आणि साधनाताई यांनी 1951 मध्ये मूठभर कुष्ठरुग्णांना घेऊन तिथल्या खडकाळ जमिनीवर काम सुरू केले. विहिरी खणल्या, शेती पिकवली, भाजीपाला आणि दूध गरजेपुरते होऊन उरू लागले. पण बाजारात ते घेणार कोण? कुष्ठरुग्णाच्या हाताचे खायचे नाही, ही भीती गावात घट्ट रुतलेली होती. परदेशी स्वयंसेवकांची तुकडी आनंदवनात येऊन राहिली, रुग्णांबरोबर राबली, तिथलेच अन्न जेवली, हे लोकांनी पाहिले, आणि हळूहळू ती भीती ओसरू लागली. दान देऊन लांब उभे राहणे सोपे असते. त्याच हातांनी पिकवलेली भाजी आपल्या घरी शिजवायला आपला स्वतःचा संकोच मोडावा लागतो. आनंदवनाच्या हातमागाचे कापड, सतरंज्या, भेटकार्डे जे घेतात, ते वस्तूबरोबर त्या माणसांचे समाजातले स्थानही मान्य करतात. बाबांचा सारा भर कामातून येणाऱ्या सन्मानावर होता. तो सन्मान पुरा व्हायला कामाची वस्तू पारखून, पैसे मोजून घेणारा माणूस समोर लागतो.

कलेच्या वाटेनेही असे उद्योग उभे राहिले आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर युनिसेफच्या मदतीबद्दल आभार म्हणून चेकोस्लोव्हाकियातल्या एका सात वर्षांच्या मुलीने चित्र काढून पाठवले. 1949 मध्ये त्याचे युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र झाले आणि जगभर मुलांच्या आरोग्यासाठी कार्डे विकण्याची प्रथा पडली. मुंबईत विमान कंपनीत काम करणाऱ्या रिप्पन कपूर यांनी 1979 मध्ये सहा मित्रांसह 50 रुपयांच्या भांडवलावर ‘क्राय’ ही संस्था सुरू केली, आणि तिची कार्डे कित्येक वर्षे आपल्या घरांत येत-जात राहिली. चित्रकार चित्र देई, कचेऱ्या आणि घरे कार्ड घेत, आणि वंचित मुलांच्या शिक्षणाला पैसा मिळे. आता शुभेच्छा मोबाइलवरून जातात. कागदाच्या कार्डाचा काळ सरला तरी चित्रकार आहेत आणि मुलेही आहेत. त्यांना जोडणारी नवी वस्तू शोधणे हे कल्पक तरुणांपुढचे आव्हान आहे.

मात्र कलेच्या क्षेत्रात फसगतही सोपी असते. वारली चित्रांचेच पाहा. लग्नाच्या वेळी कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम सुवासिनी करीत. जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फेर धरणारी माणसे कपांवर, उशांच्या अभ्र्यांवर, दिवाळीच्या भेटपिशव्यांवर सर्रास दिसतात. त्यातले किती डहाणू-जव्हारच्या वारली हातांनी काढलेले असते आणि किती कारखान्यात छापलेले? छापील कप घेऊन आपण आदिवासी कलेला हातभार लावला असे समजणे ही स्वतःची समजूत घालणे झाले. चित्र कुणी काढले, त्याचे नाव वस्तूवर आहे का, त्याला त्याचे पैसे मिळाले का, एवढे तरी दुकानदाराला विचारायला हवे.

विचारण्याची ही सवयच आपल्याला लावून घ्यायची आहे. ‘या वस्तूच्या किमतीतला काही भाग सामाजिक कार्याला जातो’ असे वेष्टनावर छापलेले असते. किती भाग? कोणत्या कार्याला? कुणामार्फत? सचोटीने काम करणारी संस्था अशा प्रश्नांनी दुखावत नाही, उलट तिला आनंद होतो, कारण सांगण्यासारखे तिच्याकडे पुष्कळ असते. वस्तू घडवणाऱ्यांचा धंद्यात वाटा आहे की ते केवळ मजुरीवर आहेत, पैसे माल दिल्यावर लगेच मिळतात की सहा महिन्यांनी, संस्थेचा लेखापरीक्षित ताळेबंद पाहायला मिळतो का, हे प्रश्न गुंतागुंतीचे नाहीत. भाजी घेताना आपण याहून अधिक चौकशी करतो.

यातला पैसे कधी मिळतात हा मुद्दा वाटतो त्याहून गंभीर आहे. शहरातली कित्येक दुकाने बचत गटाचा माल जांगड ठेवून घेतात. म्हणजे विकला गेला तर पैसे, नाही तर माल परत. दुकानदाराचे काहीच अडकत नाही, गटातल्या बायकांचे मात्र सारे भांडवल फडताळात बसून राहते. मसाल्याचा वास उडतो, लाडूची मुदत संपते, आणि नुकसान ज्यांना सर्वांत कमी परवडते त्यांच्याच अंगावर पडते. ‘महिलांना व्यासपीठ दिले’ म्हणून मिरवणाऱ्या दुकानांनी आणि सोसायट्यांनी निदान छोट्या गटांचा माल रोखीने घ्यावा. दिवाळीच्या टेबलाचे भाडे माफ करण्यापेक्षा ही मदत मोठी आहे.

कंपन्यांच्या खरेदी विभागांकडूनही अपेक्षा आहे. 2013 च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले. त्या निधीतून शिलाई यंत्रे वाटली जातात, प्रशिक्षणवर्ग चालतात, प्रमाणपत्रे दिली जातात. पण शिवण शिकलेल्या बाईने शिवलेली कापडी पिशवी त्याच कंपनीच्या परिषदेत दिसत नाही. ती पिशवी सर्वांत कमी दराच्या निविदेने दुसरीकडून येते. एका विभागाने शिकवायचे आणि दुसऱ्याने विकत घ्यायचे नाही, यात दोन्हीकडचा पैसा वाया जातो. उपाहारगृहातले पापड-लोणचे, कार्यालयातल्या फायली, पाहुण्यांना द्यायच्या भेटी यांतला एक हिस्सा जरी अशा उद्योगांकडून वर्षभराच्या करारावर घेतला, तरी त्यांना पुढच्या महिन्याची काळजी उरणार नाही. करार हाती असला की बँकही दारात उभे करते.

दुसऱ्या बाजूलाही काही गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. गिऱ्हाइकाने पुन्हा यावे असे वाटत असेल तर वस्तू पुन्हा घ्यावी अशी हवी. मेणबत्ती धूर न करता जळली पाहिजे, पिशवीचा बंद महिनाभरात उसवता कामा नये, चकली मागच्या वेळेसारखीच खुसखुशीत हवी. मालावर परवान्याचा क्रमांक, तयार केल्याची तारीख, घटक आणि संपर्काचा पत्ता हवा. मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये किंवा पुण्याच्या भीमथडी जत्रेत लोक एखाद्या गटाची चटणी चाखतात, वाखाणतात आणि विचारतात, ‘पुन्हा कुठे मिळेल?’ त्या प्रश्नाचे उत्तर तयार नसेल तर सारे श्रम त्या दोन-चार दिवसांपुरते राहतात. संस्था सामाजिक आहे म्हणून माल सांभाळून घ्या, असे म्हणणे कारागिरांच्याच कौशल्याचा अपमान आहे. त्यांना उत्तम काम करता येते यावर विश्वास ठेवून तेच मागितले पाहिजे.

खरेदीने सगळे प्रश्न सुटतील, असा दावा कुणी करू नये. अपंगांच्या शाळांचे अनुदान, कुष्ठरुग्णांचे पुनर्वसन, वनहक्क, किमान वेतन ही शासनाची जबाबदारी आहे आणि चार पणत्या घेऊन ती आपल्या किंवा शासनाच्या डोक्यावरून उतरत नाही. ज्या घरात महिन्याचा किराणाच ओढाताणीने भरला जातो, त्या घराने चार पैसे जास्त मोजावेत, असे सांगण्याचा अधिकारही कुणाला नाही. ज्यांना परवडते, त्यांनी मात्र सवलतीच्या पाट्यांमागे धावताना त्या सवलतीची किंमत कोण चुकवते, याचा विचार करायला हवा. जी वस्तू अशक्य वाटावी इतकी स्वस्त असते, तिच्या साखळीत कुठेतरी एखाद्या कारागिराची मजुरी कापलेली असण्याची शक्यता फार असते.

म्हणून या दिवाळीत एक साधा निश्चय करता येईल. टेबलावरून जे घ्याल ते आवडले, तर त्या संस्थेचा पत्ता नीट उतरवून घ्यावा आणि घरात दर महिन्याला लागणारी एक वस्तू, मग ती पापड असो, साबण असो, मसाला असो की मुलांच्या वह्या, वर्षभर तिच्याकडूनच घ्यावी. माल आवडला नाही तर तसे मोकळेपणाने कळवावे, सुधारला की पुन्हा घ्यावा. सोसायटीने वर्षातून एका टेबलाऐवजी दर महिन्याची एक मागणी नोंदवावी. शाळांनी बक्षिसाच्या वस्तू आणि कचेऱ्यांनी निरोपसमारंभाच्या भेटी इथूनच घ्याव्यात. यात मोठा त्याग नाही की गाजावाजा नाही. नियमितपणा मात्र आहे, आणि या उद्योगांना आजवर सर्वांत कमी मिळालेली गोष्ट तीच आहे. गिरगावातल्या सात बायकांनी देणगी नाकारली ती लोक पुन्हा येतील या भरवशावर, आणि लोक आले. हाच भरवसा आज राज्यातल्या हजारो गटांना आणि कार्यशाळांना देणे आपल्या हाती आहे. तो आपण द्यावा, आणि पुढच्या दिवाळीपर्यंत न थांबता येत्या महिन्याच्या किराण्यापासूनच द्यावा.